फ्लेमेंको आधी ऐका, मग बघा

नमस्कार मंडळी! फ्लेमेंको म्हटलं की झालरीचा घागरा आणि पायांचा ताडताड ठेका आठवतो. पण दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, हेरेसला किंवा सेव्हिलच्या त्रियाना वस्तीत, पहिला मान गाण्याचा. त्याला म्हणतात ‘कांते’. गिटार आणि नाच त्याच्या मागून येतात.

हे गाणं नीट ऐकायचं तर आधी टाळी धरता यायला हवी. चला, माझ्याबरोबर धरा. प्रकार आहे सोलेआ, मात्रा 12. एक दोन तीऽन, चार पाच साहाऽ, सात आऽठ, नऊ दाहाऽ, अकरा बाराऽ. जोर पडतो 3, 6, 8, 10 आणि 12 वर. आपला एकतालही 12 मात्रांचाच, पण तिथे सम पहिल्या मात्रेवर असते. इथे गिटारवाला आपली ओळ बहुतेक वेळा दहाव्या मात्रेवर मिटवतो. सुरुवातीला आपला कान इथेच हमखास फसतो!

टाळ्याही दोन तऱ्हेच्या. हे बघा, तळवे खोलगट करून वाजवली की दबका आवाज येतो. गाणारा हळू सुरात असेल तेव्हा ही टाळी. आणि एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यावर आपटली की कडक, चटका देणारी टाळी.

ही कला वाढवण्यात खितानो लोकांचा, म्हणजे स्पेनमधल्या रोमा समाजाचा, फार मोठा वाटा आहे. त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून गेले. म्हणून ‘फ्लेमेंको कथकातूनच निघाला’ असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. ही कला आंदालुसियाच्या मातीत, तिथल्या लोकगीतांत मिसळून घडली. शिवाय खितानोंनी तिथे काय सोसलं, तेच या दाव्यात पुसलं जातं. 1749 मध्ये राजाच्या हुकमाने त्यांची सरसकट धरपकड झाली, कुटुंबंच्या कुटुंबं तोडली गेली. लोहाराच्या भट्टीशी नातं सांगणारं ‘मार्तिनेते’ ऐका. गिटार नाही, नुसता उघडा गळा. अंगावर काटा येतो.

1922 मध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी लोर्का यांनी ग्रानादात अस्सल गाण्याची स्पर्धा भरवली. बक्षीस मिळवणाऱ्यांत मानोलो काराकोल हा 12 वर्षांचा मुलगा होता!

आज कामारोनने गायलेली एखादी सोलेआ लावा, साथीला पाको दे लुसियाची गिटार असलेली. मात्रा मोजत ऐका. हिशेब सुटला, तर गिटार जिथे ओळ मिटवते तिथे दहा धरा आणि पुढे चला.