ट्रकमध्ये स्लज जातो की पाणी?

नमस्कार मंडळी! बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरातून बोलतोय. हे बघा, पंचात बांधलेला चक्का. काल रात्री टांगलाय, अजून थेंब पडतोय. विषय श्रीखंडाचा नाही, ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटच्या, स्लजचा (गाळाचा) आहे. पण खटपट तीच, पाणी काढायची.

नंदेसरीकडच्या एका कारखान्यात मी ईटीपी सांभाळायचो. फिल्टर प्रेस म्हणजे गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र. त्याच्या प्लेटा उघडल्या की केक, म्हणजे दाबलेला गाळ, धप्पकन खाली पडायचा. तपकिरी, भिजलेल्या साबणासारखा. साहेब म्हणायचे, "कोरडा झालाय, भरा गोण्या." कोरडा? हिशोब करू. १ टन स्लजमध्ये ८० टक्के पाणी, म्हणजे माल २०० किलोच. पाणी ६० टक्क्यांवर आणलंत, तर वजन किती? पटकन तोंडात येतं, ८०० किलो. नाही हो, ५००! माल तेवढाच, पण आता तो वजनाच्या ४० टक्के झाला. लँडफिलवाला, म्हणजे हा कचरा पुरणारा, टनावर पैसे घेतो, म्हणजे बिलही निम्मं.

बरं, हा गाळ सगळा सांडपाण्यातूनच येतो असंही नाही. आम्लाचं पाणी न्यूट्रल करायला आपण चुना ओततो. त्यातले न विरघळलेले खडे तळाशी, सल्फेट असेल तर जिप्समही तळाशी. चुन्याऐवजी कॉस्टिक सोड्याने गाळ कमी होतो, पण ते महाग, शिवाय क्षार पाण्यातच राहतात. खरेदीवाले फक्त चुन्याचा भाव बघतात, स्लजचं बिल वेगळ्या फायलीत. यावरून मी पुष्कळ भांडलोय.

पावसाळ्यात तर कमाल! शेडचा पत्रा गळत होता, रचलेल्या गोण्या भिजल्या. पैसे मोजून काढलेलं पाणी फुकटात परत. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत हा स्लज ३५.३ क्रमांकाचा घातक कचरा आहे. साधारण ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही, आणि ट्रकसोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे चाललाय याचा कागद, लागतंच.

सिमेंटच्या भट्टीत पाठवायचा? पर्याय चांगला आहे. आत १४५० अंशांच्या आसपास तापमान, राखही क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या खड्यांत, मुरते. पण क्लोराइड जास्त असेल तर भट्टीवाले हात लावत नाहीत. आणि ओला केक उलट त्यांचंच इंधन खातो.

उद्या एक करा. १०० ग्रॅम केक १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी वजन करा. २५ ग्रॅम उरला, तर ७५ टक्के भाडं पाण्याचं भरताय. आकडा कमेंटमध्ये टाका. मी तोवर हा चक्का पिळतो.