क्वाडवाल्यांविषयी बोलायचं होतं

मंडळी, प्रास्ताविकात माझ्याबद्दल जे सांगितलं गेलं त्यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, ते विचारू नका. पत्रिकेवर विषय छापलाय 'क्वाडवरचे शर्यतपटू: एक दुर्लक्षित जमात'. क्वाड म्हणजे चार चाकांची, हँडलवाली गाडी. त्यावर मी येणारच आहे. पण आधी एक तक्रार आहे, ती बाहेर पडल्याशिवाय मला पुढचं सुचायचं नाही.

तक्रार आपल्या लेखांबद्दल. ऑफ-रोड मोटरसायकल शर्यतपटूचा परिचय करून देणारा कुठलाही लेख काढा. पहिल्या परिच्छेदात हाडं. किती मोडली, कुठली मोडली, आत किती स्क्रू आहेत. दुसऱ्या परिच्छेदात 'मृत्यूला हुलकावणी'. तिसऱ्यात तो वाळवंटाचा बादशहा होतो आणि लेख संपतो. म्हणजे माणूस रुग्णालयात दाखल होतो आणि थेट बादशहा होऊन बाहेर पडतो! मधल्या वेळात तो नेमकं काय करतो, हे कुणी सांगतच नाही.

टोबी प्राइसचं बघा. ऑस्ट्रेलियाचा हा गडी. 2013 मध्ये त्याची मान मोडली. 2016 मध्ये त्याने डकार रॅली, म्हणजे कित्येक दिवस टप्प्याटप्प्याने चालणारी वाळवंटी शर्यत, जिंकली; ती जिंकणारा पहिला ऑस्ट्रेलियन. 2019 ला पुन्हा जिंकली, मनगटातलं हाड मोडलेलं असताना. त्या मनगटावर इतकं लिहून आलं की मनगट सोडून उरलेला प्राइस पेरूला गेला होता की नाही, अशी शंका यावी. (नाव डकारचं असलं तरी 2019 ची ती रॅली अख्खी पेरू देशात झाली, म्हणून म्हटलं.) आता मला त्यातलं जे महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. त्या डकारमध्ये दहा टप्पे होते. (टप्पा म्हणजे एका दिवसाची शर्यत; सगळ्या टप्प्यांचा मिळून ज्याचा वेळ सर्वांत कमी, तो रॅली जिंकतो.) प्राइसने त्यातला एक जिंकला. शेवटचा. बाकीचे नऊ दुसऱ्यांनी जिंकले आणि रॅली यानं नेली.

याच्या उलट स्पेनचा जोआन बरेडा. डकारचे पंचवीसहून जास्त टप्पे त्याच्या नावावर आहेत, पण डकार एकदाही नाही. सर्वांत वरचा क्रमांक पाचवा. 2019 मध्ये पहिलाच टप्पा त्याने जिंकला आणि तिसऱ्या दिवशी धुक्यात एका घळीत असा उतरला की पुन्हा वर येता येईना. खेळ खलास. बरेडा मला फार आवडतो, गैरसमज नको. असे रायडर नसते तर सकाळी लवकर उठून कुणी ही रॅली बघितली नसती.

हे असं का होतं? कारण आज जो टप्पा जिंकतो तो उद्या सगळ्यांत आधी निघतो. पुढे वाळू कोरी, एकाही चाकाची खूण नाही. वाट त्याने शोधायची आणि मागच्यांनी त्याच्या खुणांवरून गाडी हाकायची. आयोजकांनाही हे पटलेलं आहे, म्हणून अलीकडे पुढे राहून वाट काढणाऱ्याला वेळेची सूट मिळू लागली. तर माझं म्हणणं एवढंच की या माणसांचा कस वेगात लागत नाही. तो लागतो वेग कुठे सोडायचा आणि कुठे आवरायचा, यात. चरित्र लिहायचं तर त्याचं लिहा.

आता वाट शोधायची म्हणजे काय, तेही बघा. जीपीएस रस्ता दाखवत नाही. रायडरकडे असतं रोडबुक. कित्येक वर्षं हा कागदाचा लांबलचक रोल होता, हँडलच्या वर एका पेटीत बसवलेला, डाव्या अंगठ्याच्या बटणाने पुढे सरकणारा. प्रत्येक ओळीत किलोमीटर, एक चिमुकली आकृती, होकायंत्राचा अंश आणि धोक्याची उद्गारचिन्हं. एक म्हणजे जपून, तीन म्हणजे खरोखर जपून. हा रोल आदल्या संध्याकाळी हातात पडायचा. दिवसभर अंग खिळखिळं झालेला रायडर रात्री तंबूत बसून तो हायलाइटरने रंगवायचा. वळणाला एक रंग, धोक्याला दुसरा, दिशा बदलली की तिसरा. उभ्यानं गाडी चालवताना नजर खाली अर्धा सेकंद जाणार, तेवढ्यात रंग डोळ्यांत भरला पाहिजे. कारमध्ये हे वाचायला शेजारी दुसरा माणूस असतो. इथे रायडर एकटाच. 2020 पासून काही टप्प्यांचं रोडबुक निघण्याच्या काही मिनिटं आधी देऊ लागले, तेव्हा ते रात्रीचं रंगकामही गेलं.

जाता जाता सांगतो, ही रॅली काढली कुणी? तिएरी साबीन नावाच्या फ्रेंच माणसाने. 1977 मध्ये दुसऱ्या एका रॅलीत तो मोटरसायकलसकट लिबियाच्या वाळवंटात हरवला होता. वाचला, घरी आला आणि पुढच्याच वर्षी, 26 डिसेंबर 1978 ला, पॅरिसहून डकारला जाणारी शर्यत सुरू केली. आपण हरवलो तर पुन्हा त्या रस्त्याला जात नाही. याने इतरांना बोलावलं!

पण माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट वाळवंटातली नाही. ऑस्ट्रियात एर्झबर्ग म्हणून लोहखनिजाचा डोंगर आहे, खाणीने पायऱ्या पाडलेला. तिथे दर वर्षी हार्ड एन्ड्युरोची, म्हणजे खडक-चढांवरून मोटरसायकल चढवण्याची, शर्यत होते. सुमारे दीड हजार लोक पात्रता फेरीला येतात, त्यातले पाचशे मुख्य शर्यतीत उतरतात, वेळ चार तास. शेवटापर्यंत पोचणारे बोटांवर मोजण्याइतके. काही वर्षी एका हाताची बोटंही उरतात.

2015 मध्ये आयोजकांनी झाडीतला एक नवा चढ टाकला आणि त्याला नाव दिलं 'डाउनटाउन'. शर्यतीत पुढे होते चौघे: ब्रिटनचे जॉनी वॉकर आणि ग्रॅहम जार्विस, स्पेनचा आल्फ्रेदो गोमेझ आणि जर्मनीचा आंद्रेआस लेटेनबिखलर. हे या खेळातले अव्वल लोक. जार्विस तर असा की इतर रायडर इंजिन किंचाळवत वर जातात आणि हा गुपचूप, दगडाला दुखू नये अशा बेताने चढतो. तरी त्या चढावर चौघेही अडकले. माती भुसभुशीत, खाली मुळं, गाडी दोन हात वर जायची आणि तीन हात खाली यायची. बाहेरच्यांनी हात लावायचा नाही. चौघांचा दम गेला, घड्याळ चालूच.

मग त्यांनी काय केलं? एकाची गाडी बाकीच्यांनी ओढून वर नेली. मग खाली उतरून दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीचं पुढचं चाक धरून ओढताहेत! आणि वर पोचल्यावर ठरवलं की आता पुढे एकमेकांशी भांडायचं नाही. चौघे एकत्र शेवटाला पोचले आणि आयोजकांनी चौघांनाही विजेते ठरवलं. माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, ही फसवणूक आहे, शर्यत रद्द करायला हवी होती. तो लेखापरीक्षक आहे. त्याचंही बरोबर असेल.

यातच पोर्तुगालच्या पाउलो गोन्साल्विसचं नाव घ्यायला हवं. 2016 च्या डकारमध्ये तो आघाडीवर होता. वाटेत ऑस्ट्रियाचा रायडर माथियास वॉकनर मांडी मोडून पडलेला दिसला आणि हा मदत येईपर्यंत त्याच्यापाशी थांबून राहिला. गमावलेला वेळ त्याला नंतर परत दिला गेला, पण थांबताना त्याने तो हिशेब केला नव्हता. चार वर्षांनी, 2020 मध्ये, सौदी अरेबियात गोन्साल्विसचाच अपघात झाला आणि तो गेला. तेव्हा त्याच्यापाशी थांबलेल्यांत टोबी प्राइस होता, तोच, मनगटवाला. हे मात्र मथळ्यांत फार आलं नाही.

ही चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अजून क्वाड सुरूच व्हायचंय! ठीक आहे, भरभर सांगतो.

क्वाड, म्हणजे एटीव्ही, म्हणजे चार चाकं आणि मोटरसायकलसारखं हँडल. लोकांना वाटतं चार चाकं म्हणजे सोपं. साफ चूक. मोटरसायकल वळणावर कलते, क्वाड कलत नाही. म्हणून रायडरला अख्खं अंग आतल्या बाजूला काढून लटकावं लागतं, प्रत्येक वळणाला, दिवसभर. ॲक्सिलरेटर मुठीचा नसतो, अंगठ्याने दाबायचा असतो, आणि तासन्तास दाबून अंगठा बधिर होतो. दोन दगडांमधून मोटरसायकल निसटते, क्वाडला तेवढी रुंदी मिळत नाही. आणि उलटली तर गाडीचं सगळं वजन अंगावर.

अर्जेंटिनाचे पात्रोनेली बंधू: 2010 मार्कोस, 2011 आणि 2012 आलेहान्द्रो, 2013 पुन्हा मार्कोस. सलग चार वर्षं डकारची क्वाडची ट्रॉफी एकाच घरात. चिलीचा इग्नासिओ कसाले तीनदा विजेता. सगळ्यांच्या बुडाखाली जवळपास एकच गाडी, यामाहा रॅप्टर 700. म्हणजे यंत्राचा फरक फारसा नाहीच, फरक माणसाचा. मी जे वेग आवरण्याचं म्हणतोय ते तपासायला याहून चांगली जागा नव्हती. नव्हती म्हणतो, कारण मैदानात मोजकेच रायडर उरले आणि 2024 च्या मानुएल आंदुहारच्या विजयानंतर डकारने क्वाडचा गट बंदच केला. निरोपाचे लेख फारसे दिसले नाहीत.

लाया सान्झ. स्पेन. महिलांच्या ट्रायलमध्ये तेरा जगज्जेतेपदं. ट्रायल म्हणजे दगडधोंड्यांवरून तोल सांभाळत मोटरसायकल नेण्याचा खेळ; त्यात वेग मोजत नाहीत, पाय जमिनीला लागला की गुण कापतात. त्या शाळेतून आलेली ही बाई 2015 च्या डकारमध्ये मोटरसायकलींत नववी आली आणि मोटरसायकलवर सुरू केलेली प्रत्येक डकार तिने पूर्ण केली. माझा मुद्दा तिच्या एकटीवरही उभा राहिला असता, उगाच इतकं फिरलो.

आणि आपले. सी. एस. संतोष, 2015, डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय. हरित नोआ, 2024, रॅली-2 गटाचा (अव्वल गटाच्या खालचा) विजेता, एकूण क्रमवारीत अकरावा. दोघांवरही लेख येतात, पण 'पहिला भारतीय' या दोन शब्दांपुढे सरकत नाहीत. हरितने आदल्या संध्याकाळी काय केलं, वाट चुकल्यावर किती मिनिटांत मागे फिरला, पुढच्याच्या धुळीत किती वेळ थांबला, ते त्याला विचारा. तो सांगेल, विचारणारा हवा.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. थांबतो. प्रश्न जरूर विचारा. फक्त 'तुम्ही स्वतः चालवता का' हा सोडून.