मदत घेऊन निघालेला राइट फील्डर

(दृश्य : जुनी फिल्म. ऑक्टोबर १९७१, बाल्टिमोर. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका. तिचा सहावा सामना.)

हा चेंडू बघा. मैदानाच्या पार उजव्या कोपऱ्यात, कुंपणापाशी गेलाय. पहिल्या बेसवरचा गडी सुसाट सुटलाय, दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे आणि तिथून थेट होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, यायचा त्याचा बेत आहे. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, बरोबरीचा सामना. तो आला तर खेळ खलास.

आणि हा एकवीस नंबर. चेंडू उचलला, गर्रकन वळला आणि फेकला. एक टप्पा, चेंडू कॅचरच्या हातात. पळणारा गडी तिसऱ्या बेसवरच थबकला.

रॉबेर्तो क्लेमेंते, पिट्सबर्ग पायरेट्सचा राइट फील्डर, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाचा क्षेत्ररक्षक. या थ्रोच्या वेळी त्याचं वय ३७ होतं. पाठीच्या मणक्याचं दुखणं जुनं होतं, एका दारुड्या ड्रायव्हरने गाडीला दिलेल्या धडकेचं. पायरेट्सकडून पहिला सामना खेळण्याआधीच हा अपघात झाला होता. म्हणजे अख्खी कारकीर्द तो ही पाठ घेऊन खेळला.

बेसबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. आउटफिल्डमधून, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या पट्ट्यातून, तिसऱ्या बेसवर करायचा सगळ्यात लांबचा थ्रो राइट फील्डरचा. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये सपाट चेंडू यावा, तसा तो यावा लागतो. अशा थ्रोवर गडी बाद झाला तर फेकणाऱ्याच्या नावावर एक असिस्ट लागतो. क्लेमेंतेच्या नावावर २६६ आहेत. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी मिळणारा गोल्ड ग्लोव्ह त्याने १९६१ पासून १९७२ पर्यंत सलग १२ वर्षं घेतला.

(दृश्य : कॅरोलिना, पोर्तो रिको. सान अंतोनची वस्ती. रस्त्यावर खेळणारी मुलं.)

हा हात तयार झाला इथे. कॅरोलिना हे पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचं, ऊसपट्ट्यातलं गाव. १८ ऑगस्ट १९३४ रोजी रॉबेर्तोचा जन्म झाला, सात भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील मेल्चोर उसाच्या फडावर मुकादम. आई लुइसा घरचं सगळं सांभाळून बाहेरचीही कामं करायची. बॅट म्हणजे पेरूच्या झाडाची फांदी, चेंडू म्हणजे चिंध्या घट्ट गुंडाळून केलेला गोळा. पोराच्या हातात कायम एक रबरी चेंडू, तो दाबत बसायचा, छताला मारून झेलत बसायचा. शाळेत भालाफेक करायचा, आणि पुढे लोक जो थ्रो बघायला तिकीट काढायचे त्याचं मूळ त्या भाल्यात आहे असं जाणकार सांगतात.

त्याने सायकल मागितली तेव्हा वडिलांनी सांगितलं, कमावून घे. मग शेजाऱ्यांकडे दुधाचे कॅन पोचवायचं काम सुरू झालं. रोजची मिळकत काही सेंट. सायकल यायला तीन वर्षं लागली.

(दृश्य : छायाचित्रं. सांतुर्सेचा संघ. विली मेज आणि क्लेमेंते एका फ्रेममध्ये.)

सांतुर्से क्रॅबर्स हा इथल्या हिवाळी लीगमधला संघ. १९५२ मध्ये क्लेमेंते त्यात दाखल झाला, तेव्हा तो शाळेतच होता. १९५४-५५ च्या हंगामात त्या काळचा दिग्गज खेळाडू विली मेज आणि क्लेमेंते एकाच आउटफिल्डमध्ये उभे होते. हा फोटो तेव्हाचा. बेसबॉलवर प्रेम करणाऱ्यांनी तो डोळे भरून बघावा.

१९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्याला १०,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केलं आणि मॉन्ट्रियलला, आपल्या दुय्यम संघात पाठवलं. त्या काळचा नियम असा की, ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेला खेळाडू मुख्य संघात ठेवला नाही, तर हंगामाअखेर दुसऱ्या कुणालाही तो उचलता येई. मॉन्ट्रियलमध्ये त्याला फारसं खेळवलं नाही. पायरेट्स तेव्हा तळाला होते, त्यामुळे पहिली निवड त्यांची. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्यांनी क्लेमेंतेला उचलला. १७ एप्रिल १९५५ रोजी तो पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर उतरला, समोर होते तेच डॉजर्स. पुढची १८ वर्षं त्याने संघ बदलला नाही.

(दृश्य : पिट्सबर्ग, ओकलंड भाग. फोर्ब्स फील्डच्या जुन्या भिंतीचा उरलेला तुकडा. वेली चढलेल्या विटा.)

फोर्ब्स फील्डचं एवढंच उरलंय. विद्यापीठाच्या आवारात ही विटांची भिंत, आणि जवळच्या इमारतीत काचेखाली जपलेली होम प्लेट.

त्या वर्षांत पायरेट्सचा सरावाचा तळ फ्लोरिडात, फोर्ट मायर्सला असे. तिथे काळ्या खेळाडूंना संघाच्या हॉटेलात खोली मिळायची नाही. बस वाटेत जेवायला थांबली की गोरे खेळाडू आत जाऊन जेवायचे आणि काळे खेळाडू बसमध्ये बसून कुणीतरी बाहेर आणून देईल त्याची वाट बघायचे. क्लेमेंतेने हे चालवून घेतलं नाही. काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी द्या, आम्ही आमचे जाऊ, अशी मागणी त्याने केली आणि ती मान्य करून घेतली. वर्तमानपत्रवाले त्याचं स्पॅनिश वळणाचं इंग्रजी जसंच्या तसं, चेष्टेच्या सुरात छापायचे. कार्डांवर त्याचं नाव ‘बॉब’ असं छापून यायचं. तो प्रत्येक वेळी सांगायचा, माझं नाव रॉबेर्तो.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. अंत्यविधी होईपर्यंत खेळणार नाही, असं पायरेट्सच्या खेळाडूंनी ठरवलं. त्यांत क्लेमेंते पुढे होता. हंगामाची सुरुवात पुढे ढकलावी लागली.

(दृश्य : १९६०, १९६६, १९६७. फटके, धावा, टाळ्या. वेगवान तुकडे.)

मैदानातलं झटपट बघू या. १९६० मध्ये न्यू यॉर्क यँकीजना हरवून पायरेट्स विजेते, आणि सातही सामन्यांत क्लेमेंतेची हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका. फलंदाजीचं विजेतेपद, म्हणजे लीगमधली सर्वोच्च सरासरी, चार वेळा : १९६१, १९६४, १९६५, १९६७. १९६६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्या वर्षी २९ होम रन. कारकिर्दीची सरासरी .३१७. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा हिट करणारा मोठा फलंदाज मानतात, यावरून काय ते समजा.

१९७१ ची वर्ल्ड सिरीज मात्र सावकाश बघण्यासारखी आहे. सात सामन्यांत सरासरी .४१४, दोन होम रन, आणि त्यातला एक सातव्या सामन्यात. तो सामना पायरेट्सनी २-१ ने जिंकला आणि त्याबरोबर मालिकाही, मालिकेचा मानकरी क्लेमेंते. सामना संपल्यावर टीव्हीचा माइक समोर आला. अख्खी अमेरिका बघत होती. त्याने आधी स्पॅनिशमध्ये आईवडिलांचा आशीर्वाद मागितला.

(दृश्य : त्या मुलाखतीचा तुकडा. मूळ आवाज राहू द्यायचा.)

(दृश्य : थ्री रिव्हर्स स्टेडियम, पायरेट्सचं तेव्हाचं मैदान. ३० सप्टेंबर १९७२.)

आदल्या दिवशी एक घोळ झाला होता. त्याच्या फटक्यावर धावफलकाने आधी हिट दाखवली, लोक उभे राहिले, आणि मग ती क्षेत्ररक्षकाची चूक ठरली. आज शनिवार. न्यू यॉर्क मेट्सचा गोलंदाज जॉन मॅटलॅक, चौथी इनिंग. चेंडू डाव्या मध्याच्या मोकळ्या जागेत गेला आणि क्लेमेंते दुसऱ्या बेसवर पोचला. ३,००० वी हिट. त्याआधी फक्त दहा जणांना हे जमलं होतं. स्टेडियममध्ये १३ हजारांच्या आसपासच माणसं होती. तो बेसवर उभा राहून हेल्मेट उंचावतो, बघा.

नियमित हंगामातली ही त्याची शेवटची हिट.

(दृश्य : पिट्सबर्ग, लॉरेन्सव्हिल. जुनं अग्निशमन केंद्र, आता क्लेमेंते संग्रहालय. बॅटी, पत्रं, फोटो.)

आता मैदानाबाहेर चला. खरं तर हे काम त्याने कधी बाहेरचं मानलंच नाही. चाहत्यांची पत्रं ढिगाने यायची. ती तो शहरांप्रमाणे वेगळी करायचा. आजारी मुलांची पत्रं बाजूला काढायची, आणि संघ त्या शहरात गेला की सामन्याआधी इस्पितळात जाऊन त्या मुलाला भेटायचं. फोटोग्राफर सोबत नसायचे, त्यामुळे या भेटींची फिल्म आमच्याकडे नाही.

हिवाळ्यात घरी आला की पोर्तो रिकोभर गरीब मुलांसाठी बेसबॉलची शिबिरं घ्यायचा. चेंडू कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचा, अभ्यास का सोडायचा नाही, हे सगळं एकाच शिबिरात. त्याला एक क्रीडानगरी उभारायची होती, मैदानं, तलाव, शिकवायला माणसं, आणि कुठल्याही मुलाला पैसे न देता आत येता येईल अशी. जाईल तिथे तो याबद्दल बोलायचा. १९७१ मध्ये ह्यूस्टनला सत्काराच्या भाषणातही तो म्हणाला की, दुसऱ्यासाठी काही करायची संधी असून जो करत नाही, तो पृथ्वीवरचा आपला वेळ वाया घालवतो.

(दृश्य : मानाग्वा, निकाराग्वा. भूकंपाआधीची छायाचित्रं.)

नोव्हेंबर १९७२ मध्ये हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेसाठी पोर्तो रिकोच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून तो मानाग्वाला गेला. सकाळी सुटे पैसे खिशात भरून गल्ल्यांतून हिंडायचा, माणसांशी बोलायचा. इस्पितळात त्याला पाय गमावलेला एक मुलगा भेटला. त्याच्या कृत्रिम पायासाठी त्याने पैसे उभे केले.

२३ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर मानाग्वा हादरलं. शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला. हजारो माणसं गेली. इस्पितळं पडली होती, पाणी नव्हतं. क्लेमेंते तिथून परतून तीन आठवडेच होत होते.

(दृश्य : सान हुआन, पोर्तो रिकोची राजधानी. हिराम बिथोर्न स्टेडियम, पार्किंगची जागा.)

हे ठिकाण नीट बघा. सान हुआनच्या स्टेडियमचं हे पार्किंग मदतीचं कोठार झालं. गायिका रूथ फर्नांडेस आणि क्लेमेंते समितीच्या पुढे होते. टीव्हीवरून, रेडिओवरून आवाहन केलं. क्लेमेंते दारोदारही गेला. लोक गाड्या घेऊन आले : कपडे, डबाबंद अन्न, औषधं. आलेला माल उतरवायचा, वेगळा करायचा, खोकी बांधायची, विमानापर्यंत न्यायची. नाताळ आला आणि गेला, तो इथेच होता, खोकी उचलत. मोठी माणसं अशा समित्यांना नाव देतात आणि सही करतात. याने पाठ दुखत असताना ओझी वाहिली, हे मुद्दाम सांगतोय.

पहिली विमानं गेली, जहाजानेही माल निघाला. मग तिकडून खबरा यायला लागल्या. निकाराग्वात हुकूमशहा सोमोसाची सत्ता होती, आणि त्याच्या नॅशनल गार्डचे सैनिक माल अडवत होते. ज्यांच्यासाठी लोकांनी घरातलं काढून दिलं, त्यांच्यापर्यंत ते पोचत नव्हतं.

देणगी गोळा करून पाठवली की आपलं काम झालं, असं त्याने मानलं नाही. इथल्या माणसांनी त्याच्या शब्दावर माल दिला होता. तो कुणाच्या हातात पडतो, हे बघणं त्याला आपली जबाबदारी वाटली. मी स्वतः सोबत असलो तर कुणी हात लावणार नाही, असं म्हणून पुढच्या विमानाने जायचं त्याने ठरवलं. मदतीचा हिशेब मागणाऱ्या प्रत्येकाने हा माणूस माहीत करून घ्यावा, एवढ्यासाठीच ही फिल्म केली आहे.

(दृश्य : डीसी-७ जातीच्या विमानाची जुनी फिल्म. चार इंजिनं, फिरते पंखे.)

विमान भाड्याचं होतं, चार पंख्यांचं जुनं डीसी-७. महिन्याभरापूर्वीच धावपट्टीकडे जाताना त्याला अपघात झाला होता. पुरेसे प्रशिक्षित कर्मचारी नव्हते. माल चढवला तो मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो जास्त. ३१ डिसेंबरचा दिवस दुरुस्तीत आणि खोळंब्यात गेला. रात्री सव्वानऊनंतर विमान सान हुआनच्या इस्ला व्हेर्दे विमानतळावरून उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. आत पाच जण होते. कुणीही वाचलं नाही.

(दृश्य : पिन्योनेसचा किनारा. १ जानेवारी १९७३ ची छायाचित्रं. निवेदन नाही.)

क्लेमेंतेचा देह सापडला नाही. पायरेट्सचा कॅचर मॅनी सांगियेन, तो सहाव्या सामन्यातला थ्रो ज्याने झेलला, स्मृतिसभेला न जाता शोध घेणाऱ्यांबरोबर समुद्रात उतरला. तपासात जादा भार आणि विमानाची निकृष्ट देखभाल समोर आली. कुटुंबीयांनी भरलेला खटला खालच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला, अपिलात फिरला.

(दृश्य : कूपर्सटाउन, हॉल ऑफ फेम. क्लेमेंतेचा फलक.)

हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंचं मानाचं दालन. त्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचा नियम क्लेमेंतेसाठी बाजूला ठेवला गेला. १९७३ मध्ये, मरणोत्तर, तो तिथे पोचलेला पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू ठरला. पिट्सबर्गच्या आताच्या मैदानावर राइट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे, त्याच्या नंबराइतकी. जवळच्या पुलाला त्याचं नाव आहे, आणि सामन्याच्या दिवशी गाड्या बंद करून तो पायी येणाऱ्यांना मोकळा करतात.

क्रीडानगरीही झाली. सरकारने कॅरोलिनात ३०० एकरांहून अधिक जमीन दिली, पत्नी व्हेरा यांनी ती चालवली, आणि तिथे खेळलेली मुलं पुढे मोठ्या लीगमध्ये गेली. नंतर ती मोडकळीला आली, २०१७ च्या मारिया वादळाने आणखी खचली. पडझड झालेल्या या जागेला पुन्हा उभं करायला कुणीतरी पुढे यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मैदानाबाहेर लोकांसाठी काम करणाऱ्या खेळाडूला मेजर लीग दरवर्षी एक पुरस्कार देते. १९७३ पासून त्याचं नाव रॉबेर्तो क्लेमेंते पुरस्कार आहे. ३० संघ आपापल्या एका खेळाडूचं नाव पाठवतात आणि त्यांतून एकाची निवड होते.

(श्रेयनामावली.)