भाऊंचा एडिट

(दृश्य : फ्लेक्स छापणारं यंत्र. शाईचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.)

आधी केस येतात. मग गॉगल. मग मिशी, गळ्यातली साखळी आणि सगळ्यात शेवटी हात. पट्ट्यापट्ट्यानं, वरून खाली, माणूस असा उतरत जातो. नाशिकमधल्या या दुकानात बारसं, दशक्रिया विधी, क्लासचा निकाल आणि भाऊंचा, म्हणजे गल्लीतल्या दादाचा, वाढदिवस एकाच शाईत छापले जातात. हात जोडलेले असले, की समजायचं भाऊ नेते झाले. बोट कॅमेऱ्याकडे रोखलेलं असलं, की अजून व्हायचेत.

खाली शुभेच्छुकांची रांग बघा. पासपोर्टएवढे चेहरे. त्यातल्या काहींना मिसरूडही फुटलेलं नाही.

भाऊंवर गुन्हे किती, हे दुकानदार विचारत नाही. साइज काय आणि कधी हवंय, एवढंच विचारतो. त्याचा धंदा आहे.

(दृश्य : मोबाइलचा स्क्रीन, जवळून. दोन अंगठे.)

फ्लेक्सला परवानगी लागते. तो वाऱ्यानं फाटतो, महापालिकेची गाडी येऊन काढून नेते. रीलला यातलं काहीच नाही.

हे अंगठे ज्याचे आहेत तो सकाळी कॉलेजला जातो आणि रात्री भाऊलोकांचे 'एडिट' करतो. चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर त्यानं एक एडिट आमच्यासमोर करून दाखवला. तो आम्ही सगळाच ठेवला आहे, कारण या फिल्ममधली खरी गोष्ट इथंच घडते.

मूळ क्लिप बघा. जेलच्या दारातून एक माणूस बाहेर येतोय. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कपडे. ऊन डोळ्यांवर आलंय म्हणून त्यानं कपाळावर हात धरलाय. न्यायला आलेली गाडी कुठं उभी आहे, तेच त्याला सापडत नाहीये. मागं रिक्षाचा हॉर्न. कोणीतरी खोकतंय.

आता पहिलं काम : आवाज बंद. हॉर्न गेला, खोकला गेला. दुसरं : वेग निम्म्यावर. जो माणूस गाडी शोधत होता तो आता शहराकडं नजर टाकतोय. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. फ्रेम छातीपर्यंत कापली, पिशवी गेली. मग रंग : सावल्या काळ्या, बाकी सगळं निळसर. मग गाणं. ठेका पडतो त्या जागी फ्रेमला झटका. शेवटी नाव, नावाला ज्वाळा.

चहा यायच्या आत काम झालं. पैसे कधी मिळतात, कधी भाऊंच्या गाडीतून एक चक्कर.

आम्ही विचारलं, हा आत कशासाठी होता? उत्तर आलं, 'तीनशे सात. हाफ मर्डर.' 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम 302 चं 103 झालं आणि खुनाच्या प्रयत्नाचं 307 चं 109. पण रीलमध्ये चालतं ते 302 आणि 307च. नव्या आकड्यांचा दरारा अजून बसलेला नाही.

(दृश्य : अंधारातलं छोटं सभागृह. प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड.)

ही सगळी पोरं फिल्म शिकणारी, काही नुसतीच हौशी. पडद्यावर 1994 सालचा अमेरिकन सिनेमा चालू आहे, 'नॅचरल बॉर्न किलर्स'. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन. मूळ कथा क्वेन्टिन टॅरेन्टिनोची, पण स्टोननं तिचं जे केलं ते त्याला मान्य नव्हतं. सिनेमातली दृश्यं आम्हाला दाखवता येणार नाहीत, त्यांचे हक्क आमच्याकडे नाहीत. म्हणून तुम्हाला हे चेहरेच बघावे लागतील. आमच्या मते ते जास्त बोलके आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. मिकी आणि मॅलरी, तरुण जोडपं. रस्त्यानं खून करत सुटतात, पन्नासावर माणसं मारतात आणि दर ठिकाणी एकाला जिवंत सोडतात. का? तर त्यानं पुढं सांगावं म्हणून. सांगायला टीव्ही आहेच. वेन गेल नावाचा एक सूत्रसंचालक त्यांच्यावर कार्यक्रम करतो आणि परदेशातली पोरंसुद्धा कॅमेऱ्यासमोर त्यांचे गोडवे गाऊ लागतात.

आता या मुलीकडं बघा, दुसऱ्या रांगेतल्या. पडद्यावर मॅलरीचं घर आहे. बाप मुलीचे लचके तोडणारा. आणि स्टोननं हा सगळा प्रसंग टीव्हीवरच्या घरगुती विनोदी मालिकेसारखा घेतलाय. प्रत्येक घाणेरड्या वाक्यावर आधीच ध्वनिमुद्रित केलेला हशा येतो. तो हशा ऐकून सभागृहही हसतं.

(दृश्य तसंच पुढं चालू. सभागृहातला मूळ आवाज. निवेदन थांबतं.)

सिनेमा कसा केला, हे इथं सांगायलाच हवं. पस्तीस मिलिमीटरची फिल्म, सोळा मिलिमीटरची, घरगुती सुपर एट, व्हिडिओ, कृष्णधवल, मध्येच ॲनिमेशन. कॅमेरा रॉबर्ट रिचर्डसनचा. एकाच प्रसंगात एकच माणूस चार प्रकारच्या फिल्मवर दिसतो : इथं बातमीतला, तिथं सिनेमातला, मध्येच लग्नाच्या कॅसेटमधला असावा तसा. साधारण सिनेमात सहाशे-सातशे कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उड्या, असण्याच्या त्या काळात यात तीन हजारांच्या आसपास आहेत. संकलनालाच जवळपास वर्ष गेलं. रक्तपाताच्या मधोमध शीतपेयाची खरी जाहिरात घातली आहे, पांढऱ्या अस्वलांची. तुरुंगातले प्रसंग इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल या खऱ्या तुरुंगात घेतले, खऱ्या कैद्यांना उभं करून. अमेरिकेत प्रमाणपत्र मिळावं म्हणून सुमारे 4 मिनिटं कापावी लागली. आयर्लंडनं तर बंदीच घातली.

सिनेमा लागला 26 ऑगस्ट 1994 ला. त्याच्या दोनच महिने आधी, 17 जूनला, घटस्फोटित पत्नीच्या खुनाचा संशय असलेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन पांढऱ्या गाडीतून चाललाय, मागं पोलीस आणि वर हेलिकॉप्टर, हे अमेरिकेत सुमारे साडेनऊ कोटी लोकांनी थेट पाहिलं. पुलांवर उभं राहून लोक हात हलवत होते. सिनेमाच्या शेवटी सिम्पसनचीही छबी येऊन जाते. त्यामुळे स्टोननं अतिशयोक्ती केली, असं म्हणणाऱ्यांचं आम्हाला नेहमी आश्चर्य वाटत आलंय.

(दृश्य : पांडवलेणी. पायथ्याशी फाळके स्मारक. ड्रोन शॉट.)

कटची ताकद नाशिकला कोणी शिकवायला नको. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870 चा. मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' केल्यावर ते नाशिकला आले, पुढं त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनीही इथंच चालली आणि 1944 मध्ये ते इथंच गेले. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये रामही अण्णा साळुंके आणि सीताही अण्णा साळुंकेच. राम पडद्यावर आला, की प्रेक्षक चपला काढत. समोर पांढरा पडदा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण कॅमेरा एकदा कोणाला मध्यभागी उभं करून खालून बघायला लागला, की आपले हात आपोआप जोडले जातात. फाळक्यांनी मध्यभागी राम उभा केला. आपण कोणाला करतोय, ते वर पाहिलंच.

(दृश्य : नाशिकरोड, मध्यवर्ती कारागृहाचा रस्ता. चालत्या गाडीतून.)

सिनेमातला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे तुरुंगातली मुलाखत. वेन गेल मिकीला थेट प्रक्षेपणात प्रश्न विचारतो. तेही सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, संपल्यावर, सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असताना. 1994 मध्ये लोक म्हणाले, असं कुठं असतं का?

मार्च 2023. तुरुंगात असलेल्या टोळीप्रमुख लॉरेन्स बिश्नोईची मुलाखत एका वृत्तवाहिनीवर लागली. एकदा नाही, दोनदा. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, विशेष तपास पथक नेमलं. पथकानं सांगितलं, की एक मुलाखत पंजाबमधल्या खरडमध्ये, पोलिसांच्याच ताब्यात असताना झाली आणि दुसरी जयपूरच्या तुरुंगातून. सिनेमातल्या जेलरनं निदान रीतसर परवानगी तरी दिली होती! पंजाबमधला एक पोलीस उपअधीक्षक बडतर्फ झाला. मुलाखतीचे तुकडे मात्र त्याआधीच एडिट होऊन पोरांच्या स्टेटसला लागले होते. पुढं नोव्हेंबर 2024 मध्ये याच बिश्नोईच्या आणि दाऊदच्या चेहऱ्याचे टी-शर्ट ऑनलाइन विकले जातायत, म्हणून राज्य पोलिसांच्या 'महाराष्ट्र सायबर' विभागाला गुन्हा नोंदवावा लागला.

आता कोणी म्हणेल, मग बंदी घाला. ते इतकं सोपं नाही. आणि योगायोग बघा, साल पुन्हा 1994. चेन्नईचा ऑटो शंकर, सहा खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेला. तुरुंगात त्यानं आत्मचरित्र लिहिलं आणि एक तमिळ साप्ताहिक ते छापायला निघालं. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी अडवलं. का, तर त्यात काही बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा मजकूर होता. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी अधिकाऱ्यांना असं आधीच छापणं रोखता येणार नाही, आणि जे सार्वजनिक नोंदीत आहे ते त्याच्या संमतीविनाही छापता येईल. म्हणजे खुन्याची गोष्ट दाबण्यात कधी कधी खुन्यापेक्षा इतरांचाच फायदा असतो. आमचा आक्षेप गोष्टीला नाही. पिशवी कापण्याला आहे.

(दृश्य : मोबाइलवर पोलिसांनी प्रसारित केलेले व्हिडिओ. रविवार कारंजा, संध्याकाळची गर्दी.)

ऑक्टोबर 2025. हे वाक्य तुम्ही ऐकलंय. नाशिकच्या बाहेर असलात, तरी ऐकलंय. 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला.' पोलीस आयुक्त संदीप कर्णिक यांच्या पोलिसांनी धरपकड सुरू केली. दहशतीचे रील टाकणारे, फ्लेक्सवरून बोट रोखणारे, राजकीय पक्षांचे झेंडे मिरवणारे एकेक उचलले गेले आणि कॅमेऱ्यासमोर हात जोडून हे वाक्य म्हणू लागले. शहराला बरं वाटलं, यात वादच नाही. रिक्षावाला म्हणाला, बरं झालं. भाजीवाली म्हणाली, बरं झालं. आम्ही विचारलं त्यातल्या कोणीही वाईट झालं म्हटलं नाही.

पण व्हिडिओची बांधणी बघा. माणूस मध्यभागी. चेहरा स्वच्छ. वाक्य लहान, ठेक्यावर बसणारं. जो कालपर्यंत नाशिकच्या सिडकोतल्या एका गल्लीपुरता होता, तो आज कोल्हापूरपर्यंत माहीत झाला. मग त्या वाक्याचे रील निघाले, रीलवर विनोद निघाले, लहान पोरं हात जोडून तेच म्हणायला लागली. जो अपमान करायचा होता, तो आठवड्याभरात खेळ झाला. आणि आरोपी दोषी आहे की नाही, ते ठरवणारं कोर्ट यात कुठंच नाही. कोर्टात शूटिंगला परवानगी नसते, त्यामुळे ते आमच्याही फिल्ममध्ये नाही.

(दृश्य : सभागृह. दिवे लागलेले. चर्चा.)

सिनेमा संपल्यावर पहिला प्रश्न एका मुलाचा होता, आणि तो बरोबर होता : हिंसेला डोक्यावर घेणाऱ्यांची टर उडवायची म्हणून जो सिनेमा काढला, तो स्वतःच इतका देखणा का? उत्तर कोणाकडंच नव्हतं. मार्च 1995 मध्ये लुइझियानात, हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिलेल्या एका तरुण जोडीनं दुकानातल्या बाईवर गोळी झाडली, ती गळ्याखाली लुळी पडली. खटला स्टोनवर आणि स्टुडिओवर चालला आणि 2001 मध्ये निकालात निघाला, चिथावणीचा हेतू सिद्ध होत नाही म्हणून.

सिनेमात शेवटी मिकी-मॅलरी वेन गेललाही मारतात. तो गयावया करतो, की तुम्ही नेहमी एकाला सोडता ना, सांगायला? ते म्हणतात, सोडतोय की. तुझा कॅमेरा. हे ऐकताना सभागृहात कोण हसलं, ते आम्ही रेकॉर्डिंगमध्ये शोधलं. आमचाच कॅमेरामन होता.

(दृश्य : वर्तमानपत्राच्या कार्यालयातला जुना संगणक, फायलींचा गठ्ठा. बोलणाऱ्याचे फक्त हात.)

हे गृहस्थ नाशिकमध्ये गुन्ह्यांच्या बातम्या लिहीत आले. आता निवृत्त आहेत. आम्ही विचारलं, खुनाच्या बातमीत आरोपीचा फोटो एवढा मोठा आणि मेलेल्याचा एवढासा का?

ते म्हणाले, आरोपीचा फोटो मागावाच लागत नाही. बातमी लिहून व्हायच्या आत त्याच्याच पोरांकडून व्हॉट्सअपवर पाच येतात. उजेड चांगला, गॉगल, मागं गाडी. मेलेल्याचा मागायला त्याच्या घरी जावं लागतं. घरात रडारड चाललेली. कोणीतरी आधार कार्ड काढून देतं, नाहीतर लग्नातला ग्रुप फोटो, त्यात हा मागच्या रांगेत. तो कापून मोठा केला, की नाक-डोळे धड दिसत नाहीत. तेवढ्यात पानं लावणारा ओरडत असतो, की पान सोडायचंय, दोन मिनिटांत काय ते द्या.

मग जो नीट दिसतो, तो लागतो.