बाईचं गाणं, बुवाचा आवाज

नमस्कार मंडळी. जेवणाच्या आधी भाषण ठेवणं म्हणजे बोलणाऱ्यावर अन्यायच, तिकडं येसराचा वास सुटलाय आणि इकडं मी माइक धरून उभा, त्यामुळं पाल्हाळ लावत नाही (लावलं तर पहिल्या रांगेतल्या वहिनी खूण करणार आहेत असं ठरलंय). मला सांगितलं होतं मराठवाड्याच्या गाण्यांवर बोला. मी म्हटलं गाणं अमेरिकेचं घेतो आणि ऐकतो मराठवाड्याच्या कानानं, चालंल का, तर कमिटी चालंल म्हणाली, म्हणून पुढची सगळी जबाबदारी कमिटीची.

गाणं आहे 'फास्ट कार'. ट्रेसी चॅपमनचं, १९८८ चं. ही बाई आपण राहतो त्या ओहायोचीच, क्लीव्हलंडची, जन्म १९६४ चा. गाण्यातली गोष्ट अशी की एक पोरगी आहे, बाप दारू पितो, आई कंटाळून निघून गेलीय, बापाला बघायला कुणी नाही म्हणून पोरीनं शाळा सोडलीय. मित्राकडं गाडी आहे. ती त्याला म्हणते चल, निघू इथून, शहरात जाऊ, काम करू, बरं होईल. जातात. ती दुकानात काउंटरवर कामाला लागते, पैसे आणते, आणि हळूहळू तोच मित्र बापासारखा पीत बसायला लागतो, पोरांकडंबी बघत नाही. शेवटी ती त्याला म्हणते, तुझी गाडी घे अन् तू जा.

आता ही गोष्ट आमच्या अंबाजोगाई-केज-धारूर पट्ट्यात कुणाला समजावून सांगायची गरज आहे का? दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात, आणि धाकट्याला सांभाळायला म्हणून थोरल्या पोरीची शाळा सुटते. बाप पिणारा असला तर उचल कुठं जाते ते मी सांगायची गरज नाही. गाडी तेवढी वेगळी. आमच्याकडं ट्रॅक्टर असतो, त्यावर टेप लावलेला असतो, आणि तोबी फास्ट नसतो.

गाणं जगाच्या कानावर कसं गेलं तेबी भारी आहे. ११ जून १९८८, लंडनचं वेम्बली स्टेडियम, नेल्सन मंडेलांच्या सत्तरीचा जलसा, मंडेला स्वतः तेव्हा तुरुंगातच. साठहून जास्त देशांत तो टीव्हीवर दाखवला. ट्रेसी दुपारी छोटं काहीतरी गाऊन गेली होती, नवी पोरगी, कोण ओळखतंय. संध्याकाळी स्टीव्ही वंडरचा नंबर आला आणि त्याच्या सिंथेसायझरची हार्ड डिस्कच सापडंना, तो निघून गेला. आता स्टेज रिकामं ठेवता येत नाही, म्हणून या पोरीला परत पाठवलं. एकटी, एक गिटार. तिनं हेच गाणं म्हटलं. पुढं तिचा अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडं १ नंबरला गेला, अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत हे गाणं ६ नंबरपर्यंत चढलं आणि १९८९ ला तिला तीन ग्रॅमी मिळाले. दुसऱ्याचं मशीन बिघडलं आणि हिचं नशीब उघडलं असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही, मशीन कुणाचंबी बिघडंल पण नंतर सत्तर हजार माणसाला एका गिटारवर गप्प बसवायला गाणं तसं लागतं.

मग इतरांनी ते म्हणायला सुरू केलं. सगळी यादी वाचत नाही. २०१५ च्या शेवटी जोनस ब्लू नावाच्या ब्रिटिश डीजेनं डकोटा नावाच्या गायिकेचा आवाज घेऊन त्याचं नाचायचं गाणं केलं, ते ब्रिटनमध्ये २ नंबरला गेलं, म्हणजे तिथं मूळ गाण्याच्याबी वर. मला ते ऐकवत नाही. पोरगी दारुड्या बापाबद्दल सांगायलीय आणि मागं समुद्रकिनाऱ्यावरची पार्टी चालू आहे, असं वाटतं. पण जिममधले लोक खूश आहेत, त्यांच्याशी कुठं भांडता.

खरी गंमत २०२३ ची. ल्यूक कोम्ब्स, नॉर्थ कॅरोलायनाचा दाढीवाला कंट्री गायक (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्याच्या वळणाचं संगीत), लहानपणी बापाच्या ट्रकमध्ये कॅसेटवर हे गाणं ऐकलेला, त्यानं अल्बममध्ये हे घेतलं आणि ते त्याच्या स्वतःच्या गाण्यांना मागं टाकून पळालं. अमेरिकेच्या मुख्य यादीत २ नंबर. कंट्री रेडिओवर १ नंबर, आणि कंट्री रेडिओवर १ नंबरला गेलेल्या गाण्याची एकटी लेखिका असलेली पहिली कृष्णवर्णीय बाई म्हणून ट्रेसीचं नाव लागलं. नोव्हेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशननं तिला साँग ऑफ द इयर दिलं, गाणं होतं ३५ वर्षं जुनं.

अंबाजोगाईला माझी भाची आहे, तिनं रीलवर ऐकून मला व्हॉट्सॲप केलं, मामा त्या दाढीवाल्याचं गाणं ऐकलं का, लई भारी लिहिलंय त्यानं. मला हसू आलं, कारण आमच्या पिढीचं तर यापेक्षा वाईट होतं. ८० च्या दशकात टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेट आल्या, तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात सोय होती की मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की नोटीस देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याच्या आवाजात काढता येतं (२०१२ ला ती मुदत पाच वर्षं केली). रफीची गाणी सोनू निगमच्या आवाजात, लताबाईंची अनुराधा पौडवालांच्या आवाजात, अशा कॅसेट एसटी स्टँडवरच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत वाजायच्या आणि आपल्याला वाटायचं हेच मूळ. कव्हरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, पण कव्हर वाचतंय कोण, निम्म्या कॅसेट तर दुकानातून भरून आणलेल्या. त्यामुळं भाचीला मी काय बोलणार, नुसतं मूळ गाणं पाठवलं.

इकडं अमेरिकेत मात्र कोम्ब्सवरून लोकांत दोन तट पडले. एक म्हणायचे की बघा, काळ्या बाईनं गायलं तेव्हा कंट्री रेडिओनं विचारलं नाही आणि तेच शब्द गोऱ्या गड्याच्या तोंडून आले की लगेच १ नंबर. दुसरे म्हणायचे अहो ती स्वतः खूश आहे, तिला पैसा मिळतोय, नवे ऐकणारे मिळालेत, तुम्ही का रडायलाव. मला विचाराल तर पहिल्यांचं म्हणणं रेडिओबद्दल आहे आणि ते खरं आहे. दुसऱ्यांचं ट्रेसीबद्दल आहे, तेबी खरं आहे. भांडण एकाच गाण्यावरून चाललंय म्हणून एकाच गोष्टीबद्दल आहे असं वाटतं.

आणि आणखी एक चर्चा निघाली होती तिच्यावर मला बोलायचंय, की कोम्ब्सनं बाईचे शब्द बदलले नाहीत. गाण्यात ती म्हणते मी काउंटरवरची मुलगी म्हणून काम करते, यानं ते तसंच म्हटलं, दाढीसकट. इथल्या लोकांना फार आश्चर्य वाटलं. आमच्या मराठवाड्याच्या माणसाला आश्चर्य वाटायचं कारणच नाही, कारण पैठणच्या एकनाथांनी आपल्याला साडेचारशे वर्षांपूर्वीच ही सवय लावून ठेवलीय. 'सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला', हे कोण म्हणतंय? सासरच्या जाचाला वैतागलेली सून म्हणतीय. आणि गातंय कोण? मिशीवाला बुवा, डोक्यावर पदर घेऊन. आमच्या सिल्लोडकडचे निरंजन भाकरे भारूडात उभे राहिले की बाया हसून हसून रडायच्या, ते २०२१ ला कोरोनात गेले. भारूडात सून सासऱ्याला, सासूला, नवऱ्याला, सगळ्यांना नवसात घालवते आणि शेवटी म्हणते एकटीच राहू दे मला. ट्रेसीची पोरगी शेवटी मित्राला तू जा म्हणते. नाथांचा अर्थ अध्यात्माकडं जातो ते ठाऊक आहे, कीर्तनकार मंडळी इथं बसलीत त्यांनी रागावू नये, पण मांडवातल्या बाया ज्या हसतात त्या अध्यात्माला हसत नाहीत.

त्याच शेवटच्या ओळीत 'एका जनार्दनी' येतं. लिहिणाऱ्याचं नाव गाण्यातच विणलेलं. कुणीबी गाऊ दे, कुठल्याबी चालीत, नाव बरोबर जातं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यातबी शेवटी 'वामन' येतो, आणि जयंतीच्या मिरवणुकीत डीजे पहिली दोन कडवी घेऊन पुढच्या गाण्यावर उडी मारतो तेव्हा नेमका तोच कापला जातो. याचा मला कोम्ब्सपेक्षा जास्त राग येतो.

अमेरिकेत हे नाव गाण्यात नसतं, कायद्यात असतं. चाल-शब्द तसेच ठेवून दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात काढायला लेखकाची परवानगी लागत नाही, ठरलेला दर भरावा लागतो, २०२३ ला तो एका सीडीमागं किंवा डाउनलोडमागं गाण्याला १२ सेंट होता. पण गाण्याचा तुकडा घेऊन त्यातून नवं गाणं बनवायचं तर विचारावंच लागतं, आणि ट्रेसी तिथं ऐकत नाही. निकी मिनाज या रॅप गायिकेनं ट्रेसीच्या दुसऱ्या एका गाण्यावर आपलं गाणं बांधलं, परवानगी मागितली, हिनं नाही म्हटलं, तरी ते रेडिओवर वाजलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२१ ला साडेचार लाख डॉलरवर मिटलं. गरीब वाटते ना गाण्यात? हिशोबाला पक्की आहे, आणि असावीच.

४ फेब्रुवारी २०२४ ला ग्रॅमीच्या स्टेजवर दोघं एकत्र उभे राहिले. २००९ नंतर तिनं दौरा केलेला नाही, लोकांसमोर येते क्वचित, त्यामुळं कॅमेऱ्यानं आधी नुसते गिटारवरचे हात दाखवले तर खाली बसलेले मोठमोठे गायक उभे राहिले. कोम्ब्स निम्मा वेळ गातच नव्हता, तिच्याकडं बघून ओठ हलवत होता, शाळेत बाई कविता म्हणतात तेव्हा पुढच्या बाकावरचं पोरगं हलवतं तसं. त्यानंतर आयट्यून्सवर १ नंबरला गेलं ते तिचं, १९८८ चं रेकॉर्डिंग.

भाचीनं तो व्हिडिओ बघितला आणि मेसेज केला, मामा बाई लई भारी हायत, पण दाढीवाला रडायलाय का? मग हिची अजून कुठली गाणी हायत म्हणाली, मी अख्खा अल्बम पाठवला, तिनं ऐकलाबी, मैत्रिणींना पाठवलाबी. परवा फोनवर विचारलं आता कुणाचं आवडतं, तर म्हणते फास्ट कार दाढीवाल्याचंच, त्यात ड्रम हायत, बाकी सगळी बाईची. वाद घातला. ऐकत नाही.

वहिनींनी खूण केलीय. चला, भाकरी गार व्हायलीय.