ययातीचे पाच पुत्र

मंडळी, महाभारताच्या आदिपर्वात ययातीचं आख्यान संपता संपता एक वंशावळ येते. 'यदोस्तु यादवा जातास्तुर्वसोर्यवनाः सुताः'. यदूपासून यादव, तुर्वसूपासून यवन, द्रुह्यूपासून भोज, अनूपासून म्लेच्छ. मग येतो धाकटा पूरू आणि तिथे सांगणारा एकदम श्रोत्याकडे वळतो: 'पूरोस्तु पौरवो वंशो यत्र जातोऽसि पार्थिव'. राजा, याच वंशात तुझा जन्म झाला. वैशंपायन हे कुरुकुळातल्या जनमेजय राजाला ऐकवतो आहे. वंशावळ कोणासमोर म्हटली जाते आहे, ते आधी पाहावं असं मी नेहमी सांगत आलो, ते यासाठीच.

आता ऋग्वेदाकडे या. पहिल्या मंडलातल्या १०८व्या सूक्तात हीच पाच नावं एका ओळीत येतात, पण अनेकवचनात. तिथे ते पाच जनसमूह आहेत. त्यांना कोणी भाऊ म्हणत नाही. ययातीचं नाव ऋग्वेदात आहे, पण या पाचांचा बाप म्हणून नाही. सातव्या मंडलात तर यांतले बरेचसे परुष्णीच्या, म्हणजे आजच्या रावीच्या, काठी सुदास राजाविरुद्ध लढून हरतात. शेजारी राहणारे, कधी एकत्र येणारे, कधी भांडणारे हे लोक पुढे एका बापाची लेकरं झाले. देवयानीचे दोन, शर्मिष्ठेचे तीन. थोरल्या यदूला डावलून धाकट्याला गादी का मिळाली, याचंही उत्तर कथेत तयार आहे: बापाचं म्हातारपण फक्त पूरूने घेतलं. कुरुकुळाच्या राजाला याहून सोयीची वंशावळ कुठली मिळणार?

तुर्वसूचे वंशज यवन, म्हणजे ग्रीक, हे तर उघडच उशिराचं आहे. ग्रीकांशी ओळख झाल्यावर त्यांना कुठेतरी बसवायला हवं होतं, म्हणून म्हातारपण नाकारल्याबद्दल बापाचा शाप मिळालेल्या मुलाच्या फांदीवर बसवलं. हेच ग्रीक बायबलमध्ये, उत्पत्तीच्या १०व्या अध्यायात, 'यावान' म्हणून नोहाचे नातू होतात. त्याच अध्यायात सीदोन हा कनानाचा ज्येष्ठ पुत्र आहे. आणि सीदोन म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं शहर! कनानी भाषा हिब्रूच्या अगदी जवळची, तरी कनानाला शेमच्या, म्हणजे हिब्रूंचा पूर्वज मानलेल्या नोहाच्या मुलाच्या, घरात जागा नाही. तो नोहाच्या दुसऱ्या मुलाचा, हामचा, मुलगा आणि मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, भाऊ. कनान कित्येक शतकं मिसरच्या फेरोंच्या अमलाखाली होता आणि इस्राएलचं त्याच्याशी वैर होतं. माझ्या मते भाषेपेक्षा या दोन गोष्टी तिथे भारी पडल्या.

म्हणून या याद्या थोतांड म्हणून फेकून देऊ नका, असं मी कळकळीने सांगतो. यदू नावाचा माणूस होऊन गेला की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. पण यादी रचणाऱ्याला कोण जवळचं वाटत होतं, कोण परकं, कोणाशी सोयरीक मान्य होती, हे त्यांच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडतं.

आपल्याकडे हे काम १३व्या शतकातही चालू होतं. हेमाद्रीपंडितांनी आपल्या व्रतखंडाच्या प्रशस्तीत देवगिरीच्या यादवांचा वंश पुराणातल्या यदुकुळाला, मथुरा-द्वारकेला जोडून दिला. गंमत नव्हे, गंभीरपणे पाहण्याजोगी गोष्ट अशी की कर्नाटकातल्या द्वारसमुद्राचे होयसळ राजेही स्वतःला यदुवंशीच म्हणवत होते. दोन्ही घराणी कृष्णा-तुंगभद्रेच्या मुलखासाठी पिढ्यानपिढ्या लढली आणि दोघांच्याही शिलालेखांत 'द्वारवतीपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ द्वारकानगरीचा स्वामी, हे एकच बिरुद कोरलेलं आहे.