कवी थांबतो तेव्हा कात्री आवरा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावाखाली विषय छापलाय, 'कवितावाचनांचं चित्रीकरण : हक्क, जतन आणि प्रसार'. विषय मीच कळवला होता. हक्कांवर बोलायचंय, जतनावर बोलायचंय, पण त्याआधी एक गाऱ्हाणं मांडायचंय. ते मांडल्याशिवाय माझं गाडं पुढे सरकणार नाही. समोर बरेच कवी दिसताहेत. म्हणजे ऐकवण्याचा सराव दांडगा आणि ऐकण्याचा बेताचा. तरी बघू.

आमच्या ओळखीतल्या एक ज्येष्ठ गझलकार आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांच्या वाचनाचं चित्रीकरण झालं, चांगले दोन कॅमेरे होते. पंधरा दिवसांनी संकलन करणाऱ्या मुलानं फाइल पाठवली आणि वर फोन करून सांगितलं, "सर, बाई फार अडखळत होत्या. एकेक ओळ दोन-दोनदा, तीन-तीनदा म्हणत होत्या. मी सगळं साफ करून दिलंय."

हसताय, म्हणजे तुम्हाला कळलं. गझल वाचणारा माणूस उला मिसरा, म्हणजे दोन ओळींच्या शेरातली पहिली ओळ, म्हणतो, थांबतो, पुन्हा म्हणतो. समोरून 'क्या बात है' येते, मग तिसऱ्यांदा म्हणतो. रदीफ, म्हणजे दर शेराच्या शेवटी तसाच येणारा शब्द, ठरलेली असते; तिच्याआधी काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, कुठला येणार, याचा अंदाज तोवर सभागृह बांधत असतं. काहींच्या ओठांवर तो आलेलाही असतो. आणि मग सानी मिसरा, म्हणजे दुसरी ओळ, पडतो. अंदाज खरा ठरला तर दाद, चुकला तर दुप्पट दाद. त्या मुलाला वाटलं, हे रीटेक आहेत. त्यानं प्रत्येक शेराचा शेवटचा 'ओके टेक' ठेवला आणि बाकीचे उडवले. अकरा मिनिटांचं सादरीकरण साडेतीन मिनिटांत बसवलं. मुलगा कामसू हो, त्यात वादच नाही.

एवढ्यावर थांबला नाही. आवाज स्वच्छ करायचं एक सॉफ्टवेअर त्यानं फिरवलं. ही सॉफ्टवेअरं बहुतेक ऑफिसातल्या मीटिंगांसाठी घडवलेली असतात. बोलणाऱ्याचा आवाज ठेवायचा, बाकी सगळा गोंगाट. त्यामुळे दाद गेली, हशा गेला, पुढच्या रांगेतल्या कुणीतरी 'पुन्हा' म्हटलं होतं तेही गेलं. मग सगळं फारच कोरडं वाटायला लागलं म्हणून त्यानं खाली पियानो सोडला. बाईंनी ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "माझी गझल बातम्यांसारखी वाचली जातेय, आणि मागे कुणीतरी वारलंय."

मी या पियानोवर स्वतंत्र व्याख्यान देऊ शकतो. आज देत नाही. फक्त विचारतो: वृत्तात लिहिलेल्या ओळीला स्वतःची लय असते, मात्रा मोजून बसवलेल्या असतात. तिच्याखाली दुसऱ्याच तालातलं वाद्य सोडणाऱ्यानं आधी एकदा तरी कवीला विचारावं की नाही?

आता यात दोष एकट्या त्या मुलाचा नाही. कात्री लागण्याच्या आधीच यंत्र गडबड करतं. मोबाइलचा साधा कॅमेरा बोलण्याची पातळी आपोआप सांभाळतो. आवाज लहान झाला की तो वाढवतो, मोठा झाला की दाबतो. वाढदिवसाच्या व्हिडिओला हे सोयीचं आहे. कवितेला घातक आहे, कारण कवी आवाज उतरवतो तो मुद्दाम. तो कुजबुजीवर येतो, यंत्र त्याला वर खेचतं. तो पूर्ण थांबतो, तर यंत्र शोधत शोधत पंख्याची घरघर वर आणतं. घरी ऐकणाऱ्याला वाटतं, कवी थांबला आणि विमान आलं. लगेच टाळ्या पडतात, पातळी तेव्हा वरच असते, आवाज फाटतो. उपाय अवघड नाही. पातळी हातानं ठरवता येईल असं ॲप किंवा छोटा रेकॉर्डर घ्यायचा, कवीचा सगळ्यात चढा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास जाईल असं लावायचं आणि नंतर हात लावायचा नाही.

आणि माइक कॅमेऱ्यावरचा नको. कॅमेरा शेवटच्या रांगेमागे, आवाजही तिथूनच घेतलेला, असं सर्रास चालतं. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रणात दर 14 मीटरला आवाज जवळपास एक फ्रेम मागे पडतो. तेही चालून गेलं असतं, पण तिथवर पोचताना तो चार भिंतींना भेटून येतो आणि व्यंजनं विरघळतात. 'ळ' आणि 'ल' एक होतात. बरं, शहाणे लोक म्हणतात, थेट सभागृहाच्या ध्वनियंत्रणेच्या मिक्सरमधून घेऊ. घ्या, पण मिक्सरमध्ये फक्त कवीचा माइक येतो, सभागृह येत नाही. विनोदी कविता रिकाम्या खोलीत वाचल्यासारखी होते. म्हणून दोन माइक हवेत: एक कवीपाशी, दुसरा श्रोत्यांकडे तोंड करून. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, नंतर त्या टाळीवर चित्र आणि दोन्ही आवाज जुळवायचे. महागडी लेन्स नसली तरी माझी हरकत नाही. अंधुक दिसणारी कविता लोक ऐकतात, ऐकू न येणारी कुणी बघत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. रॉबर्ट ब्राउनिंग, एप्रिल 1889. एडिसनचं ध्वनिमुद्रण यंत्र नवीन होतं, एका मेजवानीत म्हाताऱ्या कवीला त्याच्यापुढे उभं केलं. त्यानं स्वतःची गाजलेली कविता सुरू केली, थोड्या ओळी म्हटल्या आणि विसरला. पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला, जमेना. मग माफ करा, मला माझ्याच ओळी आठवत नाहीत, असं त्या यंत्रालाच सांगून टाकलं. शेवटी जयजयकाराच्या आरोळ्या ऐकू येतात. त्याच डिसेंबरात ब्राउनिंग गेला. आज ते मुद्रण लोक ऐकतात ते कशासाठी? कविता तर छापील मिळते. ते विसरणं ऐकायला मिळतं म्हणून. आमच्या त्या संकलन करणाऱ्या मुलाच्या हाती सापडलं असतं तर ब्राउनिंग कधीच अडखळला नसता, आणि कुणी ऐकलाही नसता.

आपल्याकडे विंदा, बापट आणि पाडगावकर या तिघांनी गावोगाव एकत्र काव्यवाचनं केली. ज्यांनी ती ऐकली त्यांना विचारा. ते कविता नंतर सांगतात. आधी सांगतात, कोण कुठे थांबायचं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं. शिकागोच्या ग्रीन मिल या जॅझ क्लबमध्ये 1986 पासून कवी मार्क स्मिथनं जे काव्यस्लॅम, म्हणजे कविता सादर करण्याच्या स्पर्धा, रुजवले, त्या स्पर्धांत पुढे तीन मिनिटांचा नियम पक्का झाला. वर दहा सेकंद सूट, मग प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण कापला जातो. त्या हिशेबानं मी केव्हाच शून्याखाली गेलोय.

तर हक्क. कवितेवर कवीचा हक्क वेगळा आणि सादरीकरणावर सादर करणाऱ्याचा वेगळा. 1961 च्या रोम करारात कलाकाराच्या हक्काला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दृक्‌श्राव्य सादरीकरणाचा बीजिंग करार 2012 चा, तो 2020 मध्ये लागू झाला. तेव्हा दुसऱ्याची कविता कुणी वाचत असेल तर परवानगी दोघांची. बर्न करारानुसार कवीच्या मृत्यूनंतरही किमान 50 वर्षं हक्क राहतो, भारतात 60. 'सगळ्यांसमोर वाचली म्हणजे सगळ्यांची झाली' हा समज सोडा. संमती लेखी घ्या आणि वाचनाआधी घ्या. कोणती कविता, कुठे टाकणार, काढा म्हटलं तर काढणार का, एवढं त्यात हवं. अप्रकाशित कविता असेल तर कवीला स्पष्ट सांगा की अनेक नियतकालिकं आणि स्पर्धा नेटवर आलेली कविता पूर्वप्रकाशित धरतात. उत्साहाच्या भरात लोक होकार देतात आणि नंतर हळहळतात.

जतन. यूट्यूब हे कपाट नव्हे. तिथे फाइल दाबून लहान केलेली असते, आणि खातं बंद पडलं की गेली. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा, न कापलेल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पेनसाउंड या संग्रहानं एक चांगला पायंडा पाडलाय. पूर्ण कार्यक्रमाची फाइल असतेच, पण शक्य तिथे प्रत्येक कविता सुटी करून ठेवतात. आपल्याकडे अडीच तासांचं संमेलन एका लांबलचक फाइलमध्ये पडून असतं, आणि नाव असतं 'फायनल न्यू 2'. कवी, कविता, ठिकाण, तारीख हे फाइलच्या नावातच घाला.

प्रसार, झटकन. ऑक्टोबर 2024 पासून यूट्यूबच्या उभ्या शॉर्ट्सना तीन मिनिटं मिळतात, म्हणजे स्लॅमचाच नियम. उभ्या चौकटीत हात कापले जातात, हातवारे करणाऱ्या कवीला थोडं लांबून घ्या. गझलेचा एखादा शेर सुटा काढून टाकला तरी चालतो, तो स्वतःच्या पायावर उभा असतो. मुक्तछंदातल्या दीर्घकवितेच्या शेवटच्या चार ओळी मात्र तोडून टाकू नका, त्यांचा अर्थ आधीच्या चाळीस ओळींवर उभा असतो. आणि उपशीर्षकं. दोन्ही मिसरे एकदम पडद्यावर आणणारे लोक आहेत! कवी अजून उला मिसऱ्यावर थांबलाय आणि प्रेक्षकानं काफिया वाचूनही टाकलाय. ओळ म्हटली गेली की मगच दाखवा. दोनदा म्हटली तर दोनदा दाखवा.

अध्यक्ष उभे राहिलेत, मी बसतो. संमतीपत्राचा नमुना मागच्या टेबलावर ठेवलाय, हवा तेवढा न्या. त्यात 'पार्श्वसंगीत चालेल का' असा एक रकाना आहे. तिथे मी 'नाही' छापूनच आणलंय. ज्यांना चालत असेल त्यांनी कष्ट घेऊन खोडावं.